दोन ते चारचा पहारा

परदेशात माझ्या पियानोचा कार्यक्रम असला की दारातच लोकांच्या हातात एक पुस्तिका देतात. तिच्या शेवटच्या पानावर माझा परिचय असतो, आणि त्या परिचयात गेली वीसेक वर्षं एक वाक्य आहे. गोदावरीकाठच्या एका लहानशा गावात, वडिलांच्या पायाशी बसून, त्यांच्या वीणेच्या अखंड नादातून हिने संगीताचा पहिला धडा घेतला. हे वाचून तिकडच्या म्हाताऱ्या बायका डोळे पुसतात. माझ्या मॅनेजरला तर ते वाक्य माझ्याहून लाडकं आहे. आणि ते धादांत खोटं आहे. अप्पांच्या वीणेला मी पन्नाशी येईपर्यंत बोटसुद्धा लावलं नव्हतं. मी आठ वर्षांची असताना त्यांनी एकदा ती माझ्यापुढे धरली होती. "ह्यात वाजवायला हाय तरी काय?" असं म्हणून मी खेळायला पळाले होते.

खोटं मीच पुरवलेलं, हेही सांगून टाकते. पहिल्या मोठ्या कार्यक्रमाच्या वेळी मॅनेजर म्हणाला, बालपणातलं काहीतरी सांग. मी खरं सांगितलं. मावशीला मूलबाळ नव्हतं म्हणून नवव्या वर्षी मला तिच्याकडे सिकंदराबादला ठेवलं. तिच्या शेजारी एक म्हाताऱ्या ख्रिश्चन बाई राहायच्या, त्यांच्याकडे वाळवी लागलेला पियानो होता. बाई हातात विणायची सुई घेऊन बसायच्या आणि माझं मनगट खाली गेलं की टोचायच्या. सगळ्या शिकवणीत त्यांचे शब्द दोनच, 'पुन्हा' आणि 'मूर्ख'. हे ऐकून मॅनेजरचं तोंड पडलं. "नदी वगैरे नव्हती का?" त्याने विचारलं. मग मी त्याला नदी दिली, वडील दिले, वीणा दिली. आमच्या सोनपेठकडच्या गोदावरीत उन्हाळ्यात पाण्यापेक्षा वाळूचे ट्रॅक्टर जास्त असतात, हे मात्र सांगितलं नाही.

लोकांना वाटतं, कारकीर्द गुणांवर उभी राहते. गुण असले की लगेच नाव, पी हळद आणि हो गोरी. माझी कारकीर्द उभी राहिली ती हरण्यावर. तरुणपणी एका मोठ्या स्पर्धेत मला दुसरा नंबर मिळाला, कारण पहिला आलेल्याचे गुरुजी परीक्षकांत बसले होते. जिंकले असते तर चार ओळी आल्या असत्या. अन्याय झालेली साडीतली मुलगी म्हटल्यावर वर्तमानपत्रांनी अर्धं पान दिलं. तो पहिला आलेला मुलगा आता कुठे आहे ते कोणाला ठाऊक नाही, आणि मी देशोदेशी फिरते. वाजवत होता तो माझ्याहून बरा, हे मला तेव्हाही ऐकू आलं होतं. मी ते आजवर कुणाला बोलले नाही.

मग आले मुलाखतकार. प्रत्येकाचा प्रश्न तोच, तुमच्या गावात पियानो पोचला कसा? अहो, पियानो पोचला नाही, मी पोचले. एस.टी.ने परभणीला आणि तिथून रेल्वेने सिकंदराबादला. हे उत्तर आजवर एकाने छापलेलं नाही. समीक्षकांची वेगळी तऱ्हा. मी हळू वाजवलं की त्यांना त्यात पूर्वेकडचं ध्यान दिसतं. एकदा मला ताप होता म्हणून मी हळू वाजवलं होतं, तर 'गंगेचा संथ प्रवाह' असं छापून आलं. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात ते खोटं नाही, फक्त इथे पाणी त्यांचं आणि नदी माझ्या नावावर.

इकडे तरी कुठे उजेड होता? नातलगांत माझी ओळख 'मोठी पेटी वाजवणारी'. चारठाण्याच्या एका पाहुण्याने विचारलं होतं, "लग्नाच्या ऑर्डरी घेता का तिकडं?" परभणीत एकदा सत्कार झाला; प्रमुख पाहुण्यांनी भाषणात मला दोनदा व्हायोलिनवादक म्हटलं आणि एकदा गायिका. शाल मात्र चांगली होती. ती मी वहिनीला दिली.

या सगळ्यांत अप्पा कधीच काही बोलले नाहीत. मी कुठे वाजवते, काय वाजवते, लोक किती येतात, त्यांनी विचारलं नाही. फोनवर ते इतकंच म्हणायचे, "जेवलीस का?" मला त्याचा राग होता. आता कबूल करायला हरकत नाही की जगभरच्या टाळ्यांतून मी एकाच माणसाची टाळी शोधत होते, आणि तो माणूस गावात उभा राहून चार तारा छेडत होता.

आमचं घर शिवभक्तांचं. महाशिवरात्रीच्या आधी गावात शिवनाम सप्ताह बसतो. सात दिवस, सात रात्री देवळापुढच्या मंडपात वीणा सुरू राहते. ती खाली ठेवायची नाही, थांबवायची नाही. एकाने गळ्यात अडकवून दोन तास उभं राहायचं, मग दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. या दोन तासांना पहारा म्हणतात. कुठला पहारा कुठल्या घराचा हे ठरलेलं असतं, आणि सप्ताहाच्या पत्रिकेत पहारेकऱ्यांची नावं छापलेली असतात. सकाळच्या पहाऱ्याला पुढारी तयार, कीर्तनाच्या वेळेला मोबाइलवाले तयार. दुपारी दोन ते चार कुणालाच नको असतो. पंगत उठलेली, महाराज झोपलेले, मंडपात भिंतीला टेकलेल्या चार म्हाताऱ्या आणि एक कुत्रं. तो पहारा अप्पांचा. माझ्या जन्माच्या वर्षी त्यांनी घेतला आणि एकदाही चुकवला नाही.

यंदा ते न्हाणीत घसरले. खुब्याचं हाड मोडलं, परभणीला ऑपरेशन झालं, घरी आणून खिडकीशी खाटेवर निजवलं. दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत मी चार दिवसांसाठी आले, तर सप्ताहाचा तिसरा दिवस सुरू होता. देवळावरचा भोंगा आमच्या खिडकीसमोर आहे. वीणेपुढे माइक ठेवलेला, त्यामुळे अप्पा पडल्या पडल्या दिवसभर वीणाच ऐकत होते. बाराच्या पहाऱ्याचे म्हातारे शिंपीकाका त्यांच्या बदली आणखी दोन तास, असे सलग चार तास उभे राहत होते. धाकट्या भावाच्या मणक्यात गॅप, त्याला दहा मिनिटंही उभं राहवत नाही. त्याचा मुलगा पुण्यात कंपनीत. म्हणजे घरात उभं राहणारं माणूस नव्हतं. माणूस नसलं की पहारा दुसऱ्या घराकडे जातो, आणि गेलेला परत येत नाही. अप्पा पुन्हा चालणार नाहीत हे डॉक्टरने भावाला सांगितलं होतं. अप्पांना कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या सालच्या पहाऱ्यावर नजर ठेवून ते तो खुबा सोसत होते. तो पहारा काढून घेतला असता तर त्यांना उठून बसायला कारणच उरलं नसतं.

पाचव्या दिवशी सकाळी सप्ताहाचे दोन कारभारी चहाला आले. सोबत खतांचे एक व्यापारी, ज्यांनी यंदाचा मंडप दिला होता. शिंपीकाकांचे पाय सुजले, आता त्यांना चार तास होत नाहीत, असं कळलं.

"अप्पा, तुमी आता आराम करा," एक कारभारी म्हणाला. "पहाऱ्याची फिकर करू नका. शेठजी जिम्मा घ्यायलेत."

"आपलं काय, सेवा," शेठजी म्हणाले. त्यांच्या कपाळावरची विभूती अप्पांच्या दुप्पट होती.

"उभं कोण राहणार?" अप्पांनी विचारलं.

"दुकानावरचा माणूस हाय की. पत्रिकेत नाव आपलं, उभा तो राहील."

अप्पांनी तोंड भिंतीकडे केलं. मंडप दिला म्हणून देवळापुढचं उभं राहणंही विकत घ्यायला निघालेला तो माणूस आमच्याच कपात फुंकर मारत चहा पीत होता. माझं डोकं फिरलं. पुढे जे बोलले ते भक्तीने नव्हे, वडिलांच्या मायेनेही नव्हे, निव्वळ संतापाने.

"पहारा घरातल्या माणसाने द्यायचा ना? मग मी आहे."

दोघे कारभारी हसले. अगदी अदबीने हसले. "ताई, तुमी मोठ्या कलाकार. दोन तास बसायचं न्हाई, पाणी प्यायचं न्हाई. तुमाला न्हाई जमायचं."

"मी रोज आठ तास वाजवते," मी म्हणाले.

"बसून ना?" दुसऱ्या कारभाऱ्याने विचारलं.

वहिनीला मात्र माझी काळजी वाटली. मी मिरच्या चिरत नाही, घागर उचलत नाही, हे तिने पाहिलेलं. "अक्का, तुमच्या हाताचा इमा हाय म्हणं," ती म्हणाली. "आपल्या म्हशीचा होता तसाच का? म्हशीच्या कानाला बिल्ला मारलता, तुमाला कुठं मारला?" ती चेष्टा करत नव्हती, खरंच विचारत होती. शेठजींचा चहा ठसक्यात गेला, तेवढंच मला बरं वाटलं.

अप्पा भिंतीकडे बघतच म्हणाले, "जाऊ द्या तिला. खुंटीला हात लावू नको म्हणावं."

दोनला मी मंडपात गेले. शिंपीकाका सुजलेल्या पायांवर डुलत होते. त्यांनी वाकून मला नमस्कार केला, मी त्यांना केला. त्यांचं बोट तारेवर चालूच होतं. पट्टा माझ्या गळ्यात आला, माझं बोट सुरू झालं, तेव्हा त्यांनी त्यांचं काढून घेतलं. इतक्या सफाईने मला आजवर कुठल्या वाद्यवृंदाने सूर दिलेला नाही.

मिनिटभरात माझ्या लक्षात आलं की एक तार उतरलेली आहे. केसभरच. पण माझ्या कानांनी तीस वर्षं याच केसाचे पैसे घेतले आहेत. चालू वीणेवर डाव्या हाताने मी खुंटी पिळली आणि तार चढवली. मग चांगलं वाटलं. मग आणखी चांगलं वाटावं म्हणून मी जरा दाब कमीजास्त केला, आघात मागेपुढे केला, एक लय धरली. चार तारांतसुद्धा काय काय काढता येतं हे या खेडवळांना दाखवून द्यावं, असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला बोलू, शब्द तोच आला होता.

भिंतीशी झोपलेली एक म्हातारी उठून बसली. डोळे चोळत माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माय, वाजवू नको गं. नुसतं चालू ठेव. झोप मोडायलीस."

आणि पुन्हा आडवी झाली. माझ्यावर चांगलं-वाईट पुष्कळ लिहून आलं आहे, पण इतकी नेमकी टीका दुसऱ्या कुणी केलेली नाही. मला रडू यायचं ते राग आला. वाजवू नको! या बोटांसाठी लोक वर्षभर आधी जागा धरून ठेवतात, आणि ही पदर डोक्यावर ओढून मला गप्प करते. पण भोंगा सुरू होता, अप्पा ऐकत होते, म्हणून मी वाजवणं बंद केलं आणि नुसतं चालू ठेवलं.

ते किती कठीण असतं ते मला सांगता यायचं नाही. आयुष्यभर मी वाजवलेला प्रत्येक सूर शेवटाकडे जात होता. शेवटी टाळी असते. इथे शेवटच नव्हता. माझा कान समेची वाट बघून बघून बेजार झाला. खांदा भरून आला, पट्टा मानेत रुतला, नाकावर माशी बसली आणि बसूनच राहिली. कुत्रं उठलं, माझ्याकडे बघून जांभई दिली, जागा बदलून पुन्हा झोपलं. मला साक्षात्कार वगैरे काही झाला नाही. झाला असं लिहिलं तर मॅनेजर तेही पुस्तिकेत घालेल. फक्त तीनच्या सुमाराला एक गोष्ट कळली. उन्हाने मंडप तापला तशी मी चढवलेली तार हळूहळू उतरून होती तिथे आली. मी खुंटीकडे बघितलं आणि हात लावला नाही. त्यानंतर वेळ कसा गेला ते आठवत नाही. चारचे पहारेकरी, निवृत्त मास्तर, सात मिनिटं उशिरा आले.

घरी आले तेव्हा अप्पा खिडकीकडे तोंड करून होते.

"आल्या आल्या खुंटी पिळलीस," ते म्हणाले.

"हो."

"तीननंतर कोण उभं होतं?"

"मीच की, अप्पा."

त्यांनी मान वळवून माझ्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाले, "मला वाटलं, मीच हाय."

इतकी वर्षं ज्या टाळीची वाट बघितली ती अशी आली, आणि ती पियानोला नव्हती. मी न्हाणीत जाऊन पोटभर रडले. बाहेर आले तर अप्पा म्हणाले, "उद्या?"

उद्या दुपारी मला हैदराबादला विमानासाठी निघायचं होतं. तिथून तिसऱ्या दिवशी ज्या सभागृहात कार्यक्रम होता, तिथली तारीख मिळावी म्हणून मी कित्येक वर्षं लोकांच्या दाढ्या धरल्या होत्या. संध्याकाळी मी मॅनेजरला फोन केला आणि येत नाही म्हणून सांगितलं. तो आधी ओरडला. मग कारण ऐकून एकदम गोड झाला. "वीणा? वडिलांची? तूच? व्हिडिओ आहे का?"

"नाही. आणि ऐक, पुस्तिकेतलं ते वडिलांच्या पायाशी बसल्याचं वाक्य काढून टाक."

"वेडी आहेस का? आता तर ते खरं झालंय!"

"म्हणूनच काढ," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

माझ्यावाचून तिकडे काही अडलं नाही. माझ्या जागी तासाभरात दुसरी वादक मिळाली, पंचविशीची. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते असं मॅनेजरने मुद्दाम कळवलं. म्हणजे जिच्यासाठी मी गाव सोडलं, माणसं तोडली, बोटांना मिरची लागू दिली नाही, त्या जागेवर कुणालाही बसवता येत होतं. सहाव्या आणि सातव्या दिवशी दोन ते चार उभं राहायला मात्र आमच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हातारी दोन्ही दिवस शांत झोपली.

महाप्रसाद झाल्यावर कारभारी वही घेऊन घरी आले. पुढच्या सालचे पहारे लिहून घेत होते. शेठजींना त्यांनी पहाटेचा कुठलासा पहारा दिला होता म्हणे, आणि शेठजींचा उत्साह जरा मावळला होता.

"दोन ते चार," कारभाऱ्याने पेन उघडलं. "ताई, तुमचं नाव घालू का? पत्रिकेला वजन येईल."

अप्पा माझ्याकडे बघत होते. ते आता चालणार नाहीत हे त्यांना कुणी न सांगताच कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मला कळलं होतं. जगातल्या कितीतरी भिंतींवर माझं नाव मोठ्या अक्षरांत लागलं आहे. एका टप्प्यावर तर ते किती इंचांचं असावं यावर मी करार अडवून धरला होता.

"अप्पांचंच लिहा," मी म्हणाले. "उभी मी राहीन."

नाव एकाचं आणि उभं दुसरंच. शेठजी मागत होते ते यापेक्षा वेगळं नव्हतं. फक्त या वेळी दुकानावरचा माणूस मी होते. कारभाऱ्याने मान हलवत लिहून घेतलं. अप्पांनी वही जवळ घेऊन आपलं नाव नीट लिहिलंय का ते बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

"ये मग," ते म्हणाले. "पण खुंटीला हात लावू नको."